माझ्यावर ठेवलेलं गोळ्यांचं पाकीट

मित्रांनो, सोनईजवळच्या एका ख्रिस्ती वस्तीत, गिदोन मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून असलेली मी एक जुनी बाजाची पेटी आहे. नगरमधल्या एका छोट्या दुकानात मला घडवलं. मास्तर तेव्हा नुकतेच प्राथमिक शाळेत लागले होते. त्यांनी मला एसटीच्या टपावर चढवून इथं आणलं आणि त्यानंतर दर रविवारी मी चर्चमध्ये वाजू लागले.

माझं खरं कौतुक झालं ते मात्र त्यांच्या मुलीमुळे. रेबेका मला वाजवत गायला लागली की मागच्या बाकांवरची माणसं पुढं येऊन बसत. मोठी झाल्यावर ती गावातल्या बालवाडीत शिकवू लागली. एकुलती एक, म्हणून लग्नानंतरही ती वडिलांजवळच राहिली. तिचा नवरा सॅम्युएल सुप्याला एका कारखान्यात कामाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरी येतो. त्यांची मुलगी एंजल दुसरीत शिकते.

मग रेबेकाला काहीतरी झालं. काय, ते सांगणं अवघड आहे, कारण तसं काहीच घडलं नव्हतं. घरात कोणी गेलं नव्हतं की भांडण नव्हतं. एका रविवारी गाणं म्हणता म्हणता ती मध्येच थांबली आणि माझ्यावरचे हात तिनं काढून घेतले. पुढच्या रविवारी ती चर्चला गेलीच नाही. आंघोळ राहू लागली. समोर ठेवलेला चहा निवून साय धरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसे. बायका विचारत, "काय झालं गं?" ती म्हणे, "काय न्हाई." ते कोणाला पटत नसे. माझ्यावर धूळ बसली, पण त्याची तक्रार मी कोणत्या तोंडानं करू?

सॅम्युएल तिला नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हा आजार आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, कदाचित गोळी बदलावीही लागेल, पण आपल्या मनानं बंद करू नका. घरी येऊन सॅम्युएलनं गोळ्यांचं पाकीट माझ्या झाकणावर ठेवलं.

मास्तरांनी ते पाहिलं. "या गोळ्या घरात नकोत. रेबेच्या आईला यांनीच नेलं. दगडासारखी दारात बसून राहायची ती."

"मामा, त्याला लई वर्षं झाली. औषधं बदलली आता."

"आपण प्रार्थना करू. चर्चच्या मंडळीतले लोक उपास धरतील."

"प्रार्थना करू की. पण पेटीचा भाता फाटला तवा तुमी उपास न्हाई धरला. नगरलाच नेली."

"पेटीला आत्मा नसतो, सॅम्युएल."

मास्तर रागानं बोलत नव्हते. पाकिटाला त्यांनी हातही लावला नाही.

मित्रांनो, रेबेकाची आई राहीबाई हयात होती तेव्हाही मी याच खोलीत होते. गोळ्या सुरू व्हायच्या कितीतरी आधी ती दारात बसू लागली होती. मास्तर शाळेत गेले की बसायची आणि त्यांची सायकल वाजली की उठून चुलीकडे जायची. त्यांना ते कधी दिसलं नाही. मला दिसत होतं. पण कोणी भाता हलवल्याशिवाय माझ्यातून आवाज निघत नाही, आणि निघाला तरी त्यात शब्द नसतात.

सॅम्युएलनं रेबेकालाच विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला आईसारखं व्हायचं न्हाई," ती म्हणाली. मग पुढं म्हणाली, "पण आता जी हाय, तीबी मी न्हाई."

तिनं गोळ्या सुरू केल्या. पहिल्याच आठवड्यात मळमळ सुरू झाली, झोप उडाली, हात थरथरू लागले. मास्तर तिच्या हातांकडे बघत राहिले. तिनं गोळ्या सोडल्या. डॉक्टरांना कोणी विचारलं नाही. पावसाळा सरला, कांद्याची लागवड झाली. रेबेका जात नव्हती, म्हणून बालवाडीवर दुसऱ्या बाई आल्या.

मग एका दुपारी एंजल रस्त्यात पडली. गुडघा फुटून रक्त आलेलं. रडत घरात आली तेव्हा रेबेका उंबऱ्याजवळच बसली होती. एंजल तिच्या बाजूनं सरळ आत आजोबांकडे गेली. मास्तरांनी जखम धुतली, हळद लावली आणि बाहेर आले.

"ती माझ्याकडं आली न्हाई, बाबा," रेबेका म्हणाली. "आन मला त्याचं वाईटबी वाटलं न्हाई. माझी लेक हाय ती."

मास्तर तिच्याशेजारी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी जमिनीवर बसत नाहीत.

"मला भीती वाटते, रेबे."

"मलाबी वाटते. पण मी जाणार हाय नगरला. सॅम्युएलला फोन करा."

डॉक्टरबाईंनी गोळी बदलून दिली. आता रेबेका ती रोज सकाळी घेते. आंघोळ करते, कपडे धुते, निवडण घेऊन बसते. गात नाही. तिच्या डोळ्यांत अजून काही परतलेलं मला दिसत नाही. परवा मास्तरांनी विचारलं, "फरक आहे का काही?"

"अजून न्हाई."

"मग बंद करायच्या का?"

"न्हाई. घेत राहते."

मित्रांनो, ती बरी होईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला ते माहीत नाही, आणि आशा धरायला मी आता घाबरते. पण तुमच्या घरात कोणी असं गप्प झालं, तर त्याच्याकडे कारण मागू नका. तापाला जितक्या लगबगीनं डॉक्टरकडे नेता तितक्याच लगबगीनं न्या. औषध सोसवलं नाही तर पुन्हा न्या. त्याच्या आजारात तुमच्या भीतीची भर घालू नका, तो आधीच दमलेला असतो.

सकाळी रेबेका गोळी गिळेपर्यंत मास्तर तिच्याजवळ बसतात. मग उठून एंजलची वेणी घालतात. ती वाकडी होते. एंजल तशीच शाळेत जाते.