रिकाम्या पाळण्याचा श्वास

मित्रांनो, तुम्ही मला खुशाल पाळणा म्हणा. जहाजावरचे लोक मला 'पोराची खाट' म्हणतात आणि ज्यांची बोटं माझ्या बिजागरीत चिमटली आहेत ते बाप लोक मला जे म्हणतात, ते मुलांच्या पुस्तकात छापता येत नाही. मी घडीचा आहे. चार पाय, चारी बाजूंना जाळी, तळाशी पातळ गादी. आता वय झालं. एका बाजूची जाळी शिवलेली आहे आणि एक पाय बाकीच्या तिघांशी पटवून घेत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं आमची परीक्षा घेण्यासाठी आत वाळूची पिशवी ठेवत आणि गदागदा हलवत. माझं पहिलं बाळ म्हणजे ती पिशवी. ती रडली नाही, ओली झाली नाही, मध्येच उभीही राहिली नाही. बाळं अशीच असतात, असा माझा समज झाला. तो ब्रिस्बेनच्या धक्क्यावर जहाज सुटायच्या आतच दूर झाला.

तेव्हापासून मी 'कोरल डचेस' या सहलीच्या जहाजावर आहे. ब्रिस्बेनहून निघायचं, बेटं करायची, परत यायचं. लहान मूल घेऊन जहाजावर येणारे आईबाप मी खूप पाहिले. घरी झोप मिळत नाही म्हणून ते समुद्रावर येतात आणि घरी जसे जागत तसेच इथं, पण सुट्टी टाकून जागतात. डायपर घातलेल्या पोरांना इथल्या पोहायच्या तलावात मज्जाव आहे, म्हणून ती काठावर उभी राहून बोंबलतात. मग आई म्हणते, "पुढच्या वेळी फक्त आपण दोघंच येऊ." पुढच्या वेळी ते तीन लेकरं घेऊन येतात.

कामाच्या दिवसांत माझं कौतुकही झालं. "काय गाढ झोपली गं हिच्यात!" असं म्हणत लोक माझे फोटो काढत. सुट्टी संपली की मला घडी घालून कोठारात टाकत, मुलांच्या तरंगत्या जाकिटांशेजारी. अंधारात पडलो की मला बाळं आठवत. मूल उचलून नेलं तरी गादीवरचा खळगा लगेच भरत नाही, मित्रांनो. कितीतरी वेळ तिथं कुणीतरी असल्यासारखं वाटत राहतं. त्या वाटण्याचीच ही गोष्ट आहे.

त्या फेरीला मला सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या, अगदी शेपटाकडच्या खोलीत नेलं. खिडकी नाही. खाली थेट इंजिन आणि जहाजाला पुढं ढकलणारा पंखा. तिथं भिंत, पलंग, दात घासायचा पेला, सगळं अखंड थरथरत असतं. खोल्या आवरणारी सेरा ही फिजीची. माझी जाळी तिनंच शिवली होती. मला उभा करताना ती नव्या कुटुंबाला म्हणाली, "घाबरू नका हं. इथं पेल्यातलं पाणीसुद्धा नाचतं."

कुटुंब ब्रिस्बेनजवळच्या टूवूम्बा गावचं होतं. टॅम्सिन, म्हणजे टॅम, शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिचा नवरा कॅलम गार हवेची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची आई लॉरेल, जिला घरात सगळेच नॅन म्हणत, शेजारच्या खोलीत होती. ही सहल तिचीच कल्पना. आणि विनी. विनी नुकतीच चालायला लागली होती, पण जहाज हलत असल्यामुळे आपण चालतोय की जमीन, हे तिला नक्की ठरवता येत नव्हतं.

टॅमनं पिशवीतून आधी कपडे काढले नाहीत. एक पातळ पांढरी चटई काढली आणि माझ्या गादीखाली सरकवली. तिला एक दिवा होता. वरचं बाळ श्वास घेत असेल तर ती हालचाल चटईला कळते आणि दिवा हिरवा राहतो. श्वास थांबला की दिवा लाल होतो आणि चटई ओरडायला लागते.

"इथंही आणलीस ती?" नॅन दारातून म्हणाली.

"हो."

"अगं बये, दोन वर्षं झाली तू धड झोपली नाहीस. म्हणून तर हे सगळं!"

"मग तू माझ्या वाटचं झोप, लॉरेल," टॅम म्हणाली. नॅननं ओठ मुडपले आणि ती बिंगो खेळायला निघून गेली.

विनीच्या आधी त्यांना एक मुलगा होता. रोरी. चार महिन्यांचा असताना तो झोपेत गेला. काही आजार नाही, काही कारण नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कुणाचीही चूक नव्हती. चटई घरात आली ती त्यानंतर. त्या वेळी टॅमला गाढ झोप लागली होती. ती झोप तिनं स्वतःला कधी माफ केली नाही आणि पुन्हा कधी घेतलीही नाही.

दुसऱ्या दिवशी भरसमुद्रात, दुपारची झोप झाल्यावर टॅमनं विनीला उचललं. घरी ती आधी चटईचं बटण बंद करायची, कारण मूल उचललं की चटई ओरडते. आज विसरली. विनीला कडेवर घेऊन ती तशीच उभी राहिली, ओरडण्याची वाट बघत.

चटई ओरडली नाही. दिवा हिरवा होता.

मी रिकामा होतो, मित्रांनो. माझ्यात एक रबरी बदक आणि एक मोजा होता. थरथरत होतो तो मी, कारण खाली इंजिन थरथरत होतं, आणि त्या खुळ्या चटईला वाटत होतं की कुणीतरी श्वास घेतंय. एकसारखा, संथ, झोपलेल्या बाळाचा श्वास. मला हे माहीत होतं. पण मला तोंड नाही.

टॅमनं विनीला पलंगावर ठेवलं. मग माझ्या काठावर दोन्ही हात टेकून ती आत बघत राहिली. बराच वेळ. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भीती असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून विनी माझ्यात झोपली नाही. "तिला आईबाबांच्या कुशीत आवडतं," असं टॅम सांगायची. कॅलम विनीला ढकलगाडीत घालून वर डेकवर फिरवायचा आणि टॅम खोलीत बसायची, माझ्या शेजारी, खाली जमिनीवर. जाळीतून एक बोट आत घालून ठेवायची. कधी हळूच काहीतरी बोलायची. मी किती बाळं वागवली, पण असा जड कधीच झालो नव्हतो.

सेरा जहाजावरच्या रिवाजाप्रमाणे टॉवेलची माकडं आणि हत्ती करून ठेवायला आली, तर टॅम म्हणाली, "आवाज नको करूस हं."

सेरानं मला पाहिलं, रिकाम्या मला. मग टॉवेलचा हत्ती तसाच काखेत मारून पावलं न वाजवता बाहेर गेली. तिचं स्वतःचं दीड वर्षाचं पोर तिकडे फिजीत, तावेउनी बेटावर, तिच्या आईपाशी होतं. रिकाम्या पाळण्यापाशी का बसतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी कॅलम विनीला घेऊन अचानक परत आला. सुकं डायपर हवं होतं. त्यानं बायकोला जमिनीवर पाहिलं, दिवा पाहिला, आणि त्याच्या लक्षात आलं.

"टॅम," तो खाली बसत म्हणाला, "हे इंजिन आहे गं. सगळी खोली थरथरतेय. चटईला कळत नाही."

"मला माहीत आहे."

"नाही, म्हणजे..."

"कॅलम, मी मुलांना कंपनं शिकवते. फळ्यावर आकृती काढून शिकवते. तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे मला."

"मग?"

"मग काही नाही. बसू दे ना मला थोडं."

तो बसला. मग न राहवून म्हणाला, "उद्या सकाळी लिफू बेटापाशी नांगर टाकणार आहेत. मोठं इंजिन बंद करतील."

हे मात्र टॅमच्या लक्षात आलं नव्हतं. आकृती काढणाऱ्यांचं असंच होतं. तिचं बोट जाळीतून बाहेर आलं.

"आत्ताच बंद करून टाक," कॅलम म्हणाला. "हिरवा आहे तोवर. श्वास थांबलेला पुन्हा बघायचा नाही आपल्याला."

"पुन्हा म्हणजे? पहिल्यांदा कुठं बघितला मी? मी झोपले होते."

विनीनं डायपर ओलं असल्याची तक्रार केली, आणि त्या खोलीत तिचीच तक्रार तेवढी दुरुस्त करता येण्यासारखी होती.

संध्याकाळी जेवायच्या वेळी मायलेकांनी कट केला. कॅलमनं टॅमला जेवणघरात गुंतवून ठेवायचं, तेवढ्यात नॅननं खाली येऊन गुपचूप बटण बंद करायचं. सकाळी टॅमला सांगायचं की बॅटरी संपली. नॅन ही फार व्यवहारी बाई. टूवूम्बात तिनं स्वतःच्या हातानं तीन म्हातारी कुत्री पुरली होती आणि एक नवरा. ती तरातरा आली, खोलीतला दिवा लावला, चष्मा चढवला, माझ्यावर वाकली.

बटण अंगठ्याएवढं होतं.

नॅननं अंगठा पुढं केला. मग मागं घेतला. मग पलंगाच्या कडेला टेकली.

"काय रे लबाडा," ती माझ्या गादीला म्हणाली, "आजीला बघून श्वास रोखायचा नाही हं." मग नुसती नाक ओढत राहिली. शेवटी उठली, माझ्यातला मोजा नीट घडी करून ठेवला आणि खोलीतला दिवा मालवून गेली.

"झालं?" कॅलमनं बाहेर विचारलेलं मला ऐकू आलं.

"बटणच सापडलं नाही मेलं," नॅन म्हणाली. "हल्लीची यंत्रं!"

सकाळी कप्तानाचा आवाज भिंतीतून आला. समोर लिफू आहे, हवा छान आहे, छोट्या बोटी लवकरच सुटतील. वरच्या मजल्यांवर पळापळ सुरू झाली. टोप्या, मलमं, पोहायचे चष्मे. आमच्या खोलीतून कुणीच निघालं नाही. टॅम माझ्या शेजारी जमिनीवर. कॅलम तिच्या शेजारी. नॅन पलंगावर, मांडीवर हातपिशवी घेऊन, दवाखान्यात बसतात तशी. विनी सगळ्यांच्या पायांत.

"तुम्ही जा ना किनाऱ्यावर," टॅम म्हणाली.

"मला वाळू आवडत नाही," नॅन म्हणाली.

"तुला वाळू आवडते, लॉरेल."

"आज नाही आवडत."

मग खालचं इंजिन मंदावलं. पेल्यातलं पाणी नाचायचं थांबलं. माझ्या चारही पायांतली थरथर ओसरत गेली आणि मी, कितीतरी दिवसांनी, अगदी स्तब्ध उभा राहिलो. मला स्वतःचं सांगता येतं, मित्रांनो. मी हलत नव्हतो.

दिवा मात्र हिरवाच होता.

टॅमनं हळूच हात आत घातला आणि गादीवर, खळगा असतो तिथं, न दाबता, नुसता वर धरला. दिवा हिरवा राहिला, राहायला हवा होता त्याहून जास्त वेळ. ते कुणामुळे, हे मला विचारू नका. मी पाळणा आहे. माझ्यात जे असतं ते मी धरतो, त्याचं नाव विचारत नाही.

मग तो लाल झाला आणि चटई ओरडायला लागली.

तो आवाज त्या बिनखिडकीच्या खोलीत किती मोठा होता! नॅननं हातपिशवी घट्ट धरली. कॅलमनं हात पुढं केला, पण टॅमनं मान हलवली. ती ऐकत होती. सबंध ऐकत होती, डोळे उघडे ठेवून. या वेळी ती जागी होती.

तेवढ्यात विनी माझी जाळी धरून उभी राहिली. घरी तिचं खिमट गरम झालं की गरम करायचं यंत्र असंच ओरडतं. तिनं चटईकडे पाहिलं, आनंदानं टाळी वाजवली, त्या नादात हात सुटून बुडावर आपटली आणि बसल्या बसल्याच हुकूम सोडला, "मंमं!"

आधी नॅनच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. तो हुंदका असेल असं वाटलं, पण ते हसू होतं. कॅलम हसला आणि लगेच रडलाही. टॅम हसत नव्हती आणि रडतही नव्हती. ती माझ्यात वाकली आणि रोज रात्री विनीच्या खोलीतला दिवा मालवताना म्हणते तसं म्हणाली, "झोप हं राजा आता."

आणि तिनं स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबलं.

मग विनीला मऊ भात आणि केळं मिळालं. त्यानंतर तिला माझ्यात ठेवलं. गादीखाली काही नव्हतं. जहाज नुसतं पाण्यावर डुलत होतं. विनी झोपली, आणि मित्रांनो, शेजारच्या पलंगावर अंगातले कपडेही न बदलता, तोंड उघडं टाकून टॅम झोपली. कॅलम आणि नॅन दोघं खुर्च्यांवर बसून पहारा देत होते. लिफू कुणीच पाहिलं नाही. फार सुंदर आहे म्हणतात. मीही पाहिलेलं नाही.

आता मी बहुतेक कोठारातच असतो. नव्या खाटा आल्या आहेत, हलक्या, न चिमटणाऱ्या. माझी तक्रार नाही. फक्त एक मागणं आहे. तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल, माळ्यावर किंवा पलंगाखाली. त्याची जाळी पुसा, बिजागरीला तेलाचा थेंब द्या. आणि त्याच्याजवळ कुणी उगाच बसलेलं दिसलं तर "तो रिकामा आहे" असं सांगू नका. त्यांना ते माहीत असतं. आपण बाजूला बसावं. घडी घालायची वेळ झाली की ते स्वतःच घालतील.