कंदुरीचा बोकड

श्रीमंत नावाच्या माझ्या शेजाऱ्याच्या अंगणात सकाळपासून बोकड ओरडत होता आणि त्याच्याहून वरच्या आवाजात श्रीमंताची बायको तुळजाबाई. पाव्हणे रेणापूरहून जीपनं निघालेले, चूल पेटलेली, कांदा चिरून झालेला आणि बोकडाला सुरी लावायलाच कोणी नाही.

लेक आरती डेंगीनं आजारी पडली तेव्हा तुळजाबाईनं गावच्या पिराला बोकड बोलला होता. पोरगी उठली. आता नवस फेडायचा, कंदुरीचं जेवण घालायचं, तर सुरी मुलाण्याचीच; पणजोबापासून तसंच. पण आठ दिवसांमागं मारुतीच्या पारावर बैठक झाली, मुसलमानाला दारात बोलवायचं नाही असं ठरलं. त्यात सगळ्यांच्या आधी आमच्या श्रीमंतानं हात वर केला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

"मीच कापतो," तो म्हणाला.

"तुमी कापल्यालं पिराला चालतंय व्हय? पोरीला काई झालं तर कुनाला इचारू, बैठकीला?" तुळजाबाईला रडू फुटलं.

श्रीमंत उठला. शेजारी म्हणून मीही निघालो. खरं सांगतो, गंमत बघायला. ऊन मरणाचं, भेगाळलेली काळी माती चपलेतून भाजत होती.

चांदपाशा मुलाणी दारात बाज विणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"पाशाभाई, कंदुरी हाय. चला की. मागच्या पांदीनं जाऊ, पारावरनं नको."

"पांदीनं? तुज्या बापानं माज्या बापाला पारावरनं हलगी लावून नेलतं. मी काय चोर हाव?"

"लोक बघतेत."

"हात वर केलास तवाबी बघूनच राहिलते की. त्याच पारावरच्या वाटेनं चल, न्हाईतर राहू दे."

वेशीत जीपचा हॉर्न वाजला. श्रीमंतानं घाम पुसला, मुलाण्याची सुरीची पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि पुढं चालू लागला, मागं पाशाभाई.

पारावर सात-आठ जण होते. ठराव मांडणारा हणमंत उठून उभा राहिला.

"आरतीची कंदुरी हाय," श्रीमंत मोठ्यानं म्हणाला. "पाशाभाईला न्यायला आलतो."

हणमंत पिशवीकडं बघत राहिला, मग खाकरला.

"जेवायला कवा यायचं?"

"पयलं ताट मुलाण्याचं असतंय. त्याच्यामागं बसायचं आसंल तर ये."

हणमंत आला. रस्सा दोनदा मागून घेतला.

ठराव मात्र अजून तसाच आहे. तो मोडायला पारावर कोणीच हात वर केलेला नाही, मीसुद्धा नाही.