भुशावरची बर्फगाडी

वखारवाल्या सासरेबुवांना सत्तरीत थंडीचे डोहाळे लागले. पृथ्वीच्या पार टाळूवर जायचं, जिथे सूर्य हिवाळाभर रजेवर असतो आणि शिंक खाली पडली तर काचेसारखी फुटते. तिथे तंबू ठोकायचा आणि कुत्र्यांच्या गाडीतून बर्फ तुडवायचा.

"एका जावयाला बरोबर नेईन," जेवताना ते म्हणाले. "आणि परत आलो की वखार त्याची."

दोन्ही जावयांचे घास तोंडातच राहिले.

सरावाला बर्फ हवा. वखारीत भुशाला काय तोटा! मागच्या अंगणात गुडघाभर भुसा पसरला, जुन्या कपाटाच्या दाराची गाडी झाली आणि सोफ्याच्या पट्ट्यांचे लगाम. राहिली कुत्री.

"जावईबापू, जरा वाकता का?" सासरेबुवांनी विचारलं. मान राखून बोलणं त्यांनी कधीच सोडलं नाही.

थोरल्या जावयांनी पट्टा उलटसुलट पाहिला, नीट घडी केली आणि परत दिला. "मामा, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"मग बसा घरी, माश्या मारत!"

धाकटे जावई चित्रकलेचे मास्तर. त्यांनी शाळेचा राजीनामा दिला आणि पट्टा छातीला बांधून घेतला.

"चला, जावईबापू, चला!" म्हणत सासरेबुवा लाकूड मोजायची पट्टी त्यांच्या पाठीवर ओढत. पंधरवड्यात धाकट्यांचा वेग असा वाढला की मागे भुसा पेटायचा आणि विझवायला वखारीतला गडी बादली घेऊन धावायचा. महिन्यात त्यांना कान हलवता येऊ लागले. खोटं वाटत असेल तर त्यांच्या शाळेतल्या पोरांना विचारा, सगळी कुंपणावर बसून बघत होती. फेरी चांगली झाली की सासरेबुवा बिस्कीट टाकायचे. सुरुवातीला धाकटे ते हातानं घ्यायचे.

बायको खिडकीतून ओरडायची, "अहो, जीभ आत घ्या, लोक बघताहेत!" पण गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची, "थोडी कळ काढा. ताईच्या नवऱ्याचा पत्ता कधीच कटलाय."

निघायच्या सकाळी दारात टॅक्सी उभी राहिली. धाकटे लोकरीची टोपी घालून, पट्टा बांधून तयार. सासरेबुवांनी खिशातून वखारीच्या किल्ल्या काढल्या आणि थोरल्यांच्या हातात ठेवल्या.

"परत येईपर्यंत कशाला थांबायचं? आजपासूनच तुमची. बसा गाडीत."

"मामा!" धाकट्यांचा आवाज चिरकला. "ओढलं मी!"

"ओढलंत की! झकास ओढलंत. पण जावईबापू, वखारीत रोज शंभर जण येतात, भाव पाडा म्हणतात, उधार द्या म्हणतात. तिथे नाही म्हणणारा लागतो. तुम्ही मला एकदा तरी नाही म्हणालात?"

"मग निदान बरोबर तरी न्या."

"तिकडे कुत्री आयती मिळतात हो. तुम्ही राखणीला थांबा."

थोरले मान खाली घालून गाडीत बसले. किल्ल्या मात्र त्यांनी परत दिल्या नाहीत. सासरेबुवांनी दार लावून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चला."

टॅक्सी हलायच्या आत धाकटे सुसाट सुटले, रस्त्याच्या मधोमध, छातीवरचा पट्टा मागे फरफटवत.

"अहो, थांबा!" बायको दारातून किंचाळली. "'चला' तुम्हाला नाही म्हणाले ते!"

कोपऱ्यापर्यंत ते टॅक्सीच्या पुढेच होते.