लोर्नाचा स्वार्थ

लोर्ना हॉगन आणि माझी ओळख कोर्टातली. बर्फ उपसायच्या यंत्रावरून एका गिऱ्हाइकानं माझ्या दुकानावर दावा लावला, आणि ही त्याची वकील. साक्षीच्या पिंजऱ्यात तिनं मला असं सोलून काढलं की घरी येऊन मी बायकोला, आर्डिसला, म्हटलं, "पुन्हा कधी वकील लागला तर हीच बाई." पुढे दुकान विकलं तेव्हा करार तिनंच केला. मला माझी शिडी द्यायची नव्हती, तर तिनं शिडीचंही कलम घातलं.

आता आम्ही दोघं म्हातारे, आणि दोघंही गावच्या कर्लिंग क्लबाच्या मंडळावर. संस्था धर्मादाय, नियमावली लोर्नाची. आर्डिस गेल्यापासून दर गुरुवारी कर्लिंग खेळायचं, म्हणजे तिथल्या बर्फावर दगड सरकवायचे, आणि लोर्नाची बोलणी खायची, एवढंच माझ्या आठवड्यात उरलंय.

आणि आमचा अध्यक्ष रोल्फ निघाला क्लबाची इमारत एका गोदामवाल्या कंपनीला विकायला. बैठक मुद्दाम फेब्रुवारीत लावली, कारण तेव्हा निम्मं मंडळ अ‍ॅरिझोनात ऊन खात पडलेलं असतं. फोनवरून हजेरी चालणार नाही, हा नियमही लबाडानं आधीच करून घेतलेला. कंपनीच्या प्रस्तावाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

आलो पाचजण. रोल्फ आणि त्याचा मेहुणा विकायच्या बाजूचे, मी विरोधात. मार्लिसला नेहमी शेवटी बोलणाऱ्याचं पटतं. आणि शेवटी बोलणार लोर्ना, म्हणून रोल्फला तिची धास्ती.

"लोर्ना, त्या कंपनीची वकील तूच होतीस ना? म्हणजे तुझा यात स्वार्थ आला. बाहेर बस," रोल्फ म्हणाला.

"स्वार्थ आहे माझा," म्हणत लोर्नानं कोट चढवला.

माझं डोकं फिरलं. "अगं, भांड की त्याच्याशी. मला रडवताना बरा जोर होता."

"आर्नी, गप बस." सगळ्यांसाठी आणलेला लिंबाच्या केकचा डबाही उचलून ती चालती झाली.

रोल्फ खुशीत म्हणाला, "चला, मतं घेऊ."

"पण आपण चारच उरलो," इतिवृत्त लिहिणारी मार्लिस म्हणाली. "पाच नसले तर मतदान होत नाही."

"मग बोलव तिला परत."

"ज्याचा स्वार्थ आहे त्याला पाचात धरता येत नाही. तूच घालवलंस ना तिला?"

रोल्फचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अ‍ॅरिझोनाहून कोण येणार होतं? मुदत हुकली, विक्री बारगळली.

मी धावत बाहेर गेलो. लोर्ना गाडीत हीटर लावून केक खात बसली होती.

"तुला ठाऊक होतं," मी शेजारी बसत म्हणालो.

"नियम मीच लिहिलेत, आर्नी."

"मग आत बसून विरोधात मत द्यायचंस."

"आत बसले असते तर विकायच्या बाजूनं द्यावं लागलं असतं. छप्पर गळतंय, तिजोरीत खडखडाट. संस्थेचं भलं पाहायचं तर रोल्फचं बरोबर होतं."

"आणि ती कंपनी?"

"तिचं काम सोडून जमाना झाला. कुठला स्वार्थ, ते त्यानं विचारलंच नाही."

"मग कुठला?"

तिनं डबा माझ्यापुढे धरला. "गुरुवार," ती म्हणाली.

मी केकचा एक तुकडा उचलून खाल्ला.

"छपराचं आता आपल्यालाच बघायला हवं," ती म्हणाली. "ती शिडी आहे ना अजून?"

"आहे," मी म्हटलं. "कराराप्रमाणे."