दाराआडचा पिवळा कोट

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, आणि तोही भाड्याचा. ऐकल्याबरोबर नाक मुरडू नका. तुमच्यासारख्यांच्या नाकाकानांना वारा झोंबू नये म्हणून मी अख्खी हयात घालवली आहे. तेव्हा थोडं मानाने ऐका.

उंच बर्फाच्या डोंगराकडे जाणारा रस्ता एका गाडीतळापाशी संपतो. त्या गाडीतळाला लागून आमचं दुकान आहे. माणसं खालच्या उबदार गावांतून सुट्टीला येतात, पातळ कपड्यांत कुडकुडत उतरतात आणि आमच्याकडून कोट, गमबूट, हातमोजे भाड्याने घेऊन वर चढतात. संध्याकाळी परत करतात. कोणाला कितीही आवडलो तरी मी कोणाच्या घरी जात नाही.

माझा जन्म याच दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. मालकिणीचे सासरे शिंपी होते. त्यांनी जाड लोकरी कापडाचा तागा आणला होता आणि त्याचा रंग असा भडक पिवळा होता की दुसऱ्या कोणी त्याला हातच लावला नव्हता. त्यांनी टेप गळ्यात अडकवली खरी, पण माप घेणार कोणाचं? गिऱ्हाईक अजून आपापल्या घरी बसलेलं. मग ते म्हणाले, "जो येईल तो मावला पाहिजे," आणि तशीच कात्री चालवली. खांदे सैल. बगला खोल. बाह्या अशा की आत स्वेटर काय, स्वेटर घातलेला माणूस जाईल. आत कापसाचं अस्तर, त्यावर दाट टीप. बटणं लाकडाची, बिस्किटाएवढी, कारण थंडीने बधिर झालेल्या बोटांना लहान बटण सापडत नाही. एखाद्याच माणसाला नेमके बसणारे कपडे दुकानोदुकानी मिळतील. कोणालाही पोटात घेईल असा कपडा शिवायला छाती लागते.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. रोज सकाळी मालकीण मला अंगणात नेऊन काठीने झोडायची. त्यात राग नसायचा, माझ्यात धूळ असायची. मग उन्हात उलटा टांगायची. गाडीतून गिऱ्हाईक उतरलं की ती त्याला एकदा वरून खाली न्याहाळायची आणि तिचा हात सरळ माझ्यावर पडायचा.

कोणाकोणाच्या अंगात गेलो ते काय सांगू. एक वकील भाड्यावरून तासभर भांडले आणि वर गेल्यावर लहान पोरासारखे बसून घसरत खाली आले, तेही माझ्या जिवावर. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने माझ्या खिशात बर्फाचे गोळे लपवले होते. एका नव्या जोडप्याने एकच कोट घेतला, एक बाही त्याला आणि एक तिला. तेव्हा माझ्या शिवणी कुरकुरल्या, पण मी एक टाका उसवू दिला नाही. तुमच्या घरी जुना अल्बम असेल तर उघडून बघा. एखाद्या फोटोत तुमचे आजोबा ढगळ पिवळ्या कोटात असे छाती काढून उभे असतील, जणू डोंगर त्यांनीच बांधला. ती छाती माझी आहे.

काही गिऱ्हाइकं म्हणायची, "याला वास येतो." येणारच. तुम्ही घामाने भिजवून परत करता, मी काय अत्तर लावून फिरू?

पुढे मालकिणीच्या घरात सून आली. पोरगी कामाला चलाख, पण नव्याची भारी हौस. तिने शहरातून नवे सूट मागवले. अंगाला घट्ट, चकचकीत, पायापासून गळ्यापर्यंत एकच चेन, आणि सगळेच्या सगळे लाल. एकाच गठ्ठ्यातून आलेले, वेगळेपण नावाला नाही. शेजारच्या दुकानांनीही तेच घेतले. त्याच ताग्यातून शिवलेली माझी भावंडं एकेक करून कामातून गेली. एक कुत्र्याखाली अंथरलं गेलं. एक उंबऱ्यात पडलं आणि गमबुटांचा चिखल पुसू लागलं. मला दाराआडच्या खिळ्याला टांगलं, कारण तिथे भिंतीला फट होती आणि वारा आत यायचा. तो वारा मी अडवला. कोणी बघत नव्हतं म्हणून काम खराब करावं, ही सवय मला नाही.

आता त्या दिवसाची गोष्ट सांगतो, ज्या दिवसाचा मला सगळ्यांत जास्त गर्व आहे.

हिवाळ्याच्या सुट्टीत एक कुटुंब आलं. बाप, त्याची बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि बापाची आई. तिघांना लाल सूट पटापट चढले. आजी मात्र अंगाने भरलेली, आणि तिचा उजवा खांदा जखडलेला. हात छातीच्या वर जात नव्हता आणि मागे तर मुळीच नाही. चेनच्या सुटात पाय गेले, कंबर गेली आणि बाहीपाशी सगळं अडलं.

"आई, हात जरा मागे घे," मुलगा म्हणाला.

"मागे जात असता तर तुझ्या पाठीत नसता घातला?" आजी म्हणाली.

त्याने आणखी मोठा सूट मागवला. तोही तिथेच अडला. आजीच्या कपाळावर घाम आला, पण ती कण्हली नाही. शेवटी मुलाने हात टेकले.

"राहू दे. आई, तू गाडीतच बस. काचेतून सगळं दिसतं. ड्रायव्हरला हीटर लावायला सांगतो. आम्ही भरपूर फोटो काढून आणतो."

"फोटो घरी बसूनही दिसला असता," आजी म्हणाली. "त्यासाठी दोन दिवस घाटातून ओकत कशाला आले?"

"अगं पण बर्फात करणार काय तू?"

"उभी राहणार. तुझ्या घरचा फ्रीज आजवर मीच खरवडत आले. उलथनं घेऊन, बोटं लाल होईपर्यंत. एकदा मला बर्फावर पाय देऊन उभं राहायचंय. मग ने कुठे न्यायचं ते."

मुलाने नुसतं गाडीकडे बघितलं. त्याचं ठरलं होतं. आजीची सून हळूच म्हणाली, "अहो, आईंना दुसरं काही मिळतंय का ते तरी बघा." तोवर आजीने स्वतःच दुकानभर नजर फिरवली.

"दाराआड काय टांगलंय गं ते?"

"तो जुना कोट आहे, आजी," मालकिणीची सून म्हणाली. "फटीतून वारा येतो ना, म्हणून लावलाय."

"मलाही घरात त्यासाठीच ठेवलंय. काढ तो."

मालकीण इतका वेळ गल्ल्यामागून बघत होती. ती उठली. तिने मला खिळ्यावरून उतरवलं, दोन फटके मारून झटकलं आणि दुखरा हात आधी आत घातला, अगदी हळू, खालच्या खाली. मग मला पाठीवरून फिरवून पलीकडे आणलं. चांगला हात आपोआप बाहीत गेला. आजीला खांदा तसूभरही उचलावा लागला नाही. बटणं तिने स्वतः लावली, एका हाताने, आणि शेवटचं लावून झाल्यावर मुलाकडे बघितलं.

"आई, सगळ्यांचे लाल सूट आणि तू अशी पिवळी. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला थंडी वाजत नाही. चल."

चढ फार नव्हता, पण आजीचे गुडघे जुने. एका बाजूला सून, एका बाजूला नात, अशी ती थांबत थांबत निघाली. मुलगा पुढून सारखा म्हणत होता, "बस झालं, इथवर आलीस ना? आता मागे फिरूया." आजी ऐकू न आल्यासारखी चालत राहिली. मला मात्र तिचं काळीज जोरात चालताना ऐकू येत होतं. मी माझी सगळी ऊब तिच्या त्या खांद्यापाशी गोळा केली.

एका सपाट जागी ती थांबली. तिने पाय नीट रोवले. डावा हातमोजा नातीला काढायला लावला, कमरेत वाकली, मूठभर बर्फ उचलला आणि बराच वेळ बघत राहिली.

"कसा आहे, आजी?" नातीने विचारलं.

"भुसभुशीत. खरवडावा लागत नाही गं," ती म्हणाली. "आपणहून हातात येतो." मग नातीला म्हणाली, "तुझ्या बापाच्या मानेत घालू?"

नातीने बापाला धरून ठेवलं आणि आजीने खरंच घातला. एवढा मोठा माणूस, पण असा नाचला की आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले.

मग तो म्हणाला, "झाली ना हौस? आता इथून हलू नकोस. आम्ही तिघं वर जाऊन येतो आणि तुला गाडीत सोडतो." आजी हलली नाही.

थोड्याच वेळात आभाळ उतरलं. भुरभुर बर्फ पडू लागला. खालून ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी टोप्या ओढल्या, गॉगल लावले, आणि मित्रांनो, डोंगरावर एकच गोंधळ उडाला. जिकडे बघावं तिकडे लाल. बायको कोणती, मूल कोणाचं, काही कळेना. कोणी "बाबा" म्हणून हाक मारली की चारी बाजूंचे बाप ओ देत. आजीच्या मुलाने बायकोचा हात धरला आणि तिला उतारावरून आणता आणता बडबडत राहिला, "तुला सांगतो, आई ऐकतच नाही. आणि तू तिलाच सामील." तिने गॉगल वर केला. ती भलत्याच कोणाची तरी बायको होती.

"माझीही सासू ऐकत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही कोण?"

तो हात झटकून पळाला. बायको दिसेना, मुलगी दिसेना. लाल अंगं समोरून येत होती, जात होती. हाका मारून त्याचा घसा बसला. मग सगळ्या पांढऱ्या-लाल गोंधळात त्याला खाली एक पिवळा ठिपका दिसला. मी दिसलो. तो धावत, घसरत, दोनदा पडत माझ्यापाशी आला, तर नात आधीच आजीला बिलगून उभी होती आणि सून मागून येत होती.

"आम्हाला आई लगेच दिसल्या," सून म्हणाली. "तुम्हीच कुठे सापडेना."

एवढ्यावर थांबलं नाही. शेजारची माणसंही एकमेकांना ओरडून सांगू लागली, "त्या पिवळ्या कोटातल्या आजींपाशी या." एकेक लाल माणूस येई, गॉगल काढी, आपलं माणूस ओळखी आणि खाली जाई. ती मघाची बाईही आली आणि तिला तिचा नवरा मिळाला. आजी मध्यभागी खांबासारखी उभी होती आणि येईल त्याला विचारत होती, "तू कोणाचा रे? थांब इथे. तुझी आई येईल." तिच्या खांद्यांवर बर्फ साचला, म्हणजे माझ्यावर साचला. आत थेंब जाऊ दिला असेल तर माझं नाव बदला.

शेवटचं कुटुंब खाली गेल्यावरच ती निघाली. आता मुलगा पुढे चालत नव्हता. तिचा दुखरा हात आपल्या हातात घेऊन तिच्या पावलाने चालत होता.

दुकानात आल्यावर आजीच्या सुनेने माझी बटणं सोडली. मुलगा मालकिणीला म्हणाला, "उद्या पलीकडच्या उतारावर जायचंय. हा कोट दुसऱ्या कोणाला देऊ नका. आईसाठी ठेवा."

"आणि तू रे?" आजी म्हणाली.

"मी काय?"

"तू गाडीत बस. हीटर लावायला सांगते."

दुकान हसलं. सगळ्यांत जास्त तोच हसला, पण हसता हसता त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मालकिणीच्या सुनेने मला हातात घेतलं, चुलीपाशी दोरीवर नीट पसरून वाळत घातलं आणि फटीत एक जुनं पोतं कोंबलं. आता माझी जागा दुकानात अगदी पुढे आहे, गाडीतून उतरणाऱ्याला आधी मी दिसतो. मी हे फुशारकीने सांगतोय, आणि का सांगू नये?

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना कपडा तुमच्या हाती आला तर त्याला काढून फेकू नका. झटका, कॉलरला धरून टांगा, सुटलेलं बटण त्याच दिवशी शिवा. एवढ्यावर तो तुमच्या नातवंडांना पुरेल. आणि बर्फ बघायला याल तेव्हा आमच्या दुकानात शिरण्याआधी एकदा मागे वळून गाडीत डोकावा. आत कोणी बसलेलं असेल, तर आधी त्याला उतरवून आणा. बाह्यांची काळजी करू नका, त्या माझ्याकडे सोडा.