सतराचा सॉकेट

माणसाला माणसाशी जोडून ठेवणारी शक्ती म्हणजे प्रेम, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. त्यांपैकी कोणी कधी बोल्ट आवळला असेल असं वाटत नाही. थोरल्याचा अनुभव असा होता की जोडून ठेवतो तो बोल्ट, आणि तोही ग्रेड बघून घेतला असेल तरच.

"हे काय आहे?" तळहातावरचे चार चकचकीत बोल्ट त्याने दातांच्या डॉक्टरांच्या नाकासमोर धरले.

"शेजारून दिले. विंचेबरोबर. स्टेनलेस आहेत, गंजत नाहीत म्हणाले."

"चमचेही गंजत नाहीत. चमच्यांनी बसवू का विंच?"

डॉक्टरांनी या वयात डोंगर चढणारी गाडी घेतली होती. रविवारी त्यांच्या मंडळाची मोहीम होती. चढावर गाडी अडली की पुढच्या झाडाला दोर बांधायचा आणि बंपरवरच्या विंचेने तो गुंडाळत स्वतःच स्वतःला वर ओढून घ्यायचं, असा बेत होता. आयुष्यभर दुसऱ्यांचं उपटून झाल्यावर माणसाला असं काही सुचत असावं.

"आणि बोल्ट सुटले तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर विंच दोराबरोबर झाडाकडे जाईल, आणि तुम्ही मागे दरीकडे. शेजारी कोण बसणार आहे?"

"बायको."

"मग त्यांनाही विचारून घ्या."

शेजारून, म्हणजे पत्र्यापलीकडून. वडिलांच्या एका गॅरेजची मधोमध पत्रा ठोकून दोन गॅरेजं झाली होती. अलीकडे थोरला दुरुस्त्या करायचा, पलीकडे धाकटा बंपर, दिवे, आरसे, विंचा असला दिमाखाचा माल विकायचा. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आता सांगता आलं नसतं, पण बरोबर कोण होतं ते दोघंही सांगू शकत होते. वाटणी मामांनी केली. मामा शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी सगळी हत्यारं जमिनीवर मांडून एक याला, एक त्याला अशी न्यायाने वाटली. त्यात बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क पाना आला थोरल्याकडे, आणि त्या पान्याच्या तोंडाला लावायच्या सॉकेटांची अख्खी पेटी गेली धाकट्याकडे. तेव्हापासून नऊ वर्षं पाना थोरल्याच्या भिंतीवर वडिलांच्या फोटोशेजारी लटकत होता, आणि उपयोगाच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक उरला नव्हता.

"डॉक्टर," पत्रा बोलला, "त्यांना सांगा, कंपनीचे बोल्ट गंजले होते, म्हणून मी पदरचे चांगले दिले."

"डॉक्टर, त्याला सांगा, आरसे विकतोस तेवढे वीक. बोल्टाच्या वाटेला जाऊ नकोस."

"त्यांना सांगा, आरसा एखादा फुकट देतो. बघायची हिंमत असेल तर."

डॉक्टरांनी आजवर लोकांना तोंड उघडायला लावून प्रश्न विचारले होते. आज त्यांचंच तोंड उघडं होतं.

"मग सगळ्यात कडक ग्रेडचा घाला ना," शेवटी ते म्हणाले. "मी वाचलंय, त्याहून वरचेही मिळतात."

"फार कडक असतो तो न सांगता तुटतो." थोरल्याने हे पत्र्याकडे बघत सांगितलं. "आणि हा तुमचा चकचकीत, तो मऊ. आठ पॉइंट आठ घ्यायचा. ताणला तरी तुटण्याआधी कळवतो."

त्याने डबा उपडा केला आणि डोक्यावर आकडा कोरलेले चार काळे बोल्ट निवडले. जरा लांबच निवडले. तोकडा बोल्ट दगा देतो, लांब कधी देत नाही, हे वडिलांचं शिकवणं. वडिलांचं खरंच होतं, कारण वडिलांच्या काळात बोल्ट आरपार जायचा आणि मागून नट लागायचा. या विंचेच्या बुडाला मात्र आंधळी भोकं होती. आत आटे, आणि पुढे बंद.

त्याने आवळायला घेतलं. बोल्ट फिरला, फिरला आणि दगडासारखा अडला. थोरल्याच्या मनगटाने निकाल दिला: पक्कं. त्याने आवळलेलं आजवर सुटून परत आलं नव्हतं. धाकट्याकडे काचेचं कपाट होतं, रंगीत पाटी होती, गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची होती. थोरल्याकडे एवढं एकच होतं.

"डॉक्टर," पत्रा म्हणाला, "त्यांना सांगा, बोल्ट बुडाला टेकलाय. आवाजावरून कळतं."

"त्याला सांगा, कानातला मळ काढ."

गाडीचं नाक फुटपाथवर आलं होतं, आणि फुटपाथ मामांनी वाटला नव्हता. धाकटा बाहेर आला. भावाकडे न बघता त्याने डॉक्टरांच्या खिशातून त्यांचं व्हिजिटिंग कार्ड उचललं आणि विंच व बंपर यांच्या फटीत सरकवलं. कार्ड आत गेलं. डॉक्टरांचं नाव गेलं, पदव्या गेल्या, दवाखान्याच्या वेळा गेल्या. बोल्ट पक्का होता. विंच नुसती त्याच्या आधाराने उभी होती.

"चार वॉशर," धाकटा डॉक्टरांना म्हणाला आणि आत गेला.

वॉशर घातले असते तर बोल्टांची जास्तीची लांबी तिथेच जिरली असती आणि काम तेवढ्यात संपलं असतं. थोरल्याच्या डब्यात वॉशर ओंजळभर होते. पण आता ते धाकट्याचे झाले होते. थोरल्याने बोल्ट काढले, वाइसमध्ये धरले आणि हॅकसॉने एकेकाचं टोक कापू लागला.

थोरल्याची बायको जेवायला बोलवायला आली. "अहो, वॉशर घातले असते तर—"

"तुला कोणी सांगितलं?"

"जाऊबाईंनी. त्यांच्या खिडकीत होते मी."

"मग तिथेच जेव."

"त्यांचं जेवून झालं," बायको म्हणाली. "माणसं वेळेवर जेवतात तिथे."

बोल्ट कापून, कानशीने घासून, पुन्हा बसवून उन्हं कलली. या वेळी फटीत कागद जाईना. पण डॉक्टरांनी तोवर विंचेचं माहितीपुस्तक वाचून काढलं होतं. "यात आवळायचं माप दिलंय. याहून कमी नको, जास्त नको. तुमच्याकडे तो पाना आहे ना भिंतीवर?"

"माझ्या हाताला कळतं."

"सकाळीही कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. मग आवाज उतरवून, "ती माझ्या शेजारी बसणार आहे हो."

थोरल्याने आपल्या मनगटाकडे पाहिलं. सकाळपर्यंत ते बरं वागत होतं. त्याने पाना भिंतीवरून काढला. त्याच्या चौकोनी तोंडाला लावायला काहीच नव्हतं; या बोल्टांच्या डोक्याला बसणारा सतरा मिलिमीटरचा सॉकेट पलीकडे पेटीत होता. डॉक्टर जाऊन मागून आणतील, बायको तर दोनदा आणेल, हे त्याला माहीत होतं. पण निरोप गेला की पलीकडचा आजही 'त्यांना सांगा' म्हणाला असता, आणि आज सांगण्यासारखं त्याच्याकडे होतं.

थोरला पत्र्याजवळ गेला. घसा खाकरला.

"सतरा," तो म्हणाला.

नऊ वर्षांत सख्ख्या भावाशी बोललेला हा पहिला शब्द. पलीकडे रेडिओ बंद झाला. पेटीचं झाकण वाजलं. मग पत्र्यावरून एक सॉकेट उडत आला, डॉक्टरांच्या कानाशेजारून गेला आणि जळक्या ऑइलच्या बादलीत पडला. नेम बहुधा बादलीचाच होता.

थोरल्याने कोपरापर्यंत हात घालून तो काढला, पुसला, पान्याला लावला. नऊ वर्षांनी बसला, पण टक्क बसला. चारही बोल्टांना पान्याने मापावर येऊन खटका दिला. डॉक्टरांनी पैसे दोन्हीकडे सारखे दिले आणि गाडी घेऊन घाईघाईने गेले.

रविवारी विंचेने गाडी आणि बायको दोन्ही वर ओढली, असं डॉक्टरांनी फोनवर कळवलं. बायको नंतर पायी खाली उतरली म्हणे, पण त्यात बोल्टांचा दोष नव्हता.

पाना पुन्हा भिंतीवर गेला, तोंडात सॉकेट तसाच. थोरला वाट बघत राहिला. परत मागणारा आवाज आज येईल, उद्या येईल. आला की सॉकेट फेकायचा कुठे, ती जागाही त्याने हेरून ठेवली होती. आवाज आला नाही. महिना गेला. मग हळूहळू त्याच्या मनात भलतंच येऊ लागलं. मुद्दामच मागत नसेल. राहू दे म्हणाला असेल. एकदा फोटोवरची धूळ झटकताना त्याने सॉकेटही पुसला, आणि पत्र्यापलीकडे काही पडल्याचा आवाज झाला तेव्हा "लागलं का?" असं ओठांवर येऊन परत गेलं.

रात्री जेवताना त्याने बायकोला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो सतराचा परत मागत नाही, ते का गं?"

"मी विचारलं होतं जाऊबाईंना," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे सतराचे दोन आहेत."