एकनाथ परबचं पुडिंग

"हे इथे कधीपासून लटकतंय?"

इन्स्पेक्टर बाईंनी टॉर्च वर रोखला. कोठीच्या छताला, पाइपांच्या खाली, पांढऱ्या फडक्यात बांधलेली एकशे बारा गाठोडी ओळीनं टांगलेली होती. बाई अमेरिकन आरोग्य खात्याच्या. वय तिशीच्या आतबाहेर, केसांवर जाळी, हातात थर्मामीटर. आमचं प्रवासी जहाज 'लेडी पेनरोझ' साउदॅम्प्टनहून निघून सहा दिवसांनी, त्या सकाळी न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलं, आणि कोणाला काही न कळवता बाई सात वाजता शिडीवर हजर.

"ख्रिसमस पुडिंग," शेफ व्हिटलो म्हणाले. "सप्टेंबरच्या शेवटी केलेलं."

"आज बारा नोव्हेंबर आहे."

"हो ना. म्हणजे अजून तसं कोवळंच."

ब्रिटिश माणसाला मुरलेलं पुडिंग दिसतं. अमेरिकन माणसाला सहा आठवडे फ्रीजबाहेर टांगलेली अंडी आणि चरबी दिसते. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असेल, पण धक्का अमेरिकेचा होता. त्यांच्या हिशेबात शंभरातले पंधरा गुण गेले की जहाज नापास, आणि नापास जहाजाची बातमी लपत नाही. अकरा गुण तर नाश्त्याआधीच गेले होते. कुठे गळका नळ, कुठे कोमट दूध.

"याची लेखी प्रोसेस आहे?" बाईंनी विचारलं. "वजनं, शिजवण्याचा वेळ, तापमान, दारू किती. पुडिंग करण्याआधी लिहिलेला कागद असेल तर मी तो बघेन. नसेल, तर हे सगळं टाकावं लागेल आणि गुणही जातील."

"अर्थातच आहे," शेफ म्हणाले. "ऑफिसात."

"मग दोन वाजताच्या मीटिंगला आणा."

कागद नव्हता. मी, शैलेंद्र, त्या कोठीचा कारकून. जहाजावरचा बटाट्यापर्यंतचा प्रत्येक कागद माझ्या हातून जायचा, त्यामुळे हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

ते पुडिंग एकनाथ परबच्या डोक्यात होतं. एकनाथ वेंगुर्ल्याचा, वय छप्पन्न, जहाजाच्या बेकरीत एकोणीस वर्षं. दर सप्टेंबरात साउदॅम्प्टन सोडताना मोठ्या हॉलमध्ये पिठाचा टब आणायचा, प्रवाशांनी ठेवणीतले कपडे घालून रांग लावायची, आणि प्रत्येकानं डोळे मिटून, मनात एक इच्छा धरून, लाकडी पळा एकदा फिरवायचा, अशी तिथली रीत. पहिला मान कॅप्टनचा. टबाशी एकनाथ उभा. म्हाताऱ्या मडमा त्याला नावानं हाक मारायच्या, एक तर दरवर्षी गालाचा मुका घ्यायची आणि हा कानापर्यंत लाल व्हायचा. गंमत अशी की त्यानं ते पुडिंग आयुष्यात कधी चाखलं नव्हतं. त्यात गाईची चरबी असते. सगळं काम वासावर.

तीन शेफ येऊन गेले, तिघांनी कृती लिहून मागितली. तिघांनाही यानं "उद्या देतो" म्हणून झुलवलं. मला मात्र एकदा स्पष्ट म्हणाला होता, "शैलू, आपलं काँट्रॅक्ट नऊ महिन्यांचं. दरवर्षी हे लोक मला परत बोलवतात ते माझं तोंड बघून नव्हे. कागदावर उतरलं की कोणीही करील."

शेफनी आम्हा दोघांना कोठीत घेतलं आणि दार लावलं. "आत्ता लिहून द्यायचं. जहाज नापास झालं तर पुढच्या मोसमात आपल्यापैकी कोणी इथे नसेल." माझ्याकडे बघून म्हणाले, "टाइप कर." आणि गेले.

एकनाथ मैद्याच्या पोत्यावर बसला. साडेबारा वाजले होते.

"एकनाथदा, बोला," मी म्हणालो. मला माझी नोकरी दिसत होती, खोटं कशाला बोलू? "तुम्हाला नाहीच द्यायचं, तर एखाद-दुसरा आकडा चुकीचा सांगा. त्यांना काय कळतंय?"

त्यानं मान वर केली. "आणि ते पुडिंग खाणार कोण? त्या म्हाताऱ्याच ना?"

मग तो सांगू लागला. मनुका, बेदाणे, संत्र्याची साल, पावाचा चुरा, चरबी बर्फासारखी गार असतानाच किसायची. आठ तास वाफ, एक मिनिट कमी नाही. ब्रँडी दर रविवारी, फडक्यावरून चमच्यानं. एका ठिकाणी अडला. डोळे मिटले.

"मनुका रात्रभर चहात भिजवायच्या. कोऱ्या. दुपारी प्रवाशांना देतो त्याच्या दुप्पट कडक. हे मला म्हाताऱ्या वेल्श बेकरनं सांगितलं होतं. बायकोलाही सांगितलेलं नाही मी."

मी टाइप केलं. एवढ्या मोठ्या माणसाचं आयुष्य पाऊण पानात मावलं, आणि ते तिथे बसवणारा मी होतो. याची लाज मला त्या वेळी वाटली नाही. नंतर पुष्कळ वाटली.

दीड वाजता शेफ आले. कागद वाचला, "चहा!" म्हणून हसले, आणि मला दोन ओळी घालायला लावल्या. वर तारीख, तीन सप्टेंबर दोन हजार चार. खाली, 'कृती व देखरेख: ए. व्हिटलो'. एकनाथला यांतली एकही ओळ कोणी दाखवली नाही.

मीटिंगला कॅप्टन, हॉटेल मॅनेजर, शेफ, सगळे टेबलाभोवती. मी आणि एकनाथ दाराशी उभे. बाईंनी कागद सावकाश वाचला. एकदा नाही, दोनदा. मग शेफकडे न बघता त्या सरळ दाराकडे वळल्या. बिल्ल्यावर 'सबनीस' हे आडनाव मी सकाळीच वाचलं होतं, पण दिवसभर त्यांच्या तोंडून मराठीचं अक्षर निघालं नव्हतं.

"काका, पुडिंग तुम्ही बनवता ना?" उच्चार अमेरिकेतल्या एडिसन गावच्या शाळेत वाढलेला, पण शब्द घरचे. "हा पेपर कधी लिहिला? टेल मी करेक्टली, प्लीज."

टेबलावरच्या कोणाला काही कळलं नाही. शेफ मात्र एकनाथकडे बघून हसले, धीर द्यावा तसे. 'सप्टेंबर' एवढा एकच शब्द. म्हण, बाबा, म्हणून टाक.

"त्याच्यावर नाव कोणाचं आहे, बाय?" एकनाथनं विचारलं.

बाईंनी खाली बघितलं. "शेफ व्हिटलो."

एकनाथच्या गालाचा स्नायू हलताना मला दिसला.

"आज लिहिला," तो म्हणाला. "मघाशी, कोठीत. मी सांगितला, ह्यानं टाइप केला. पुडिंग माझं आहे. एकोणीस वर्षं मी करतोय. खाऊन एक माणूस आजारी पडलेला नाही."

तो खरेपणापायी बोलला की त्या नावापायी, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी विचारलंही नाही.

"आय बिलीव्ह यू, काका," बाई हळूच म्हणाल्या. "पण मला हे... मी सोडू नाही शकत."

"तुमचं काम तुम्ही करा. मी काय बोलणार?"

मग त्यांनी इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. कागद ग्राह्य नाही. तीन गुण वजा. एकूण शहाऐंशी. जहाज पास, पण काठावर. पुडिंग नष्ट करायचं, त्यांच्या देखत, वर ब्लीच ओतून, म्हणजे परत कोणी उचलणार नाही. कॅप्टननं सुस्कारा सोडला. शेफनी टेबलावरचा कागद घडी करून खिशात घातला. एकनाथकडे त्यांनी बघितलं नाही.

कोठीत मी कात्री पुढे केली. एकनाथनं ती घेतली नाही. स्टुलावर चढून तो एकेक गाठ सोडवू लागला, नखांनी, घाई न करता. फडकं उघडलं की ब्रँडीचा आणि मनुकांचा वास यायचा, पुडिंग काळंभोर, चकचकीत. तो ते दोन्ही हातांनी पिंपात ठेवायचा, वरून ब्लीच ओतायचा आणि फडकं घडी करून बाजूला ठेवायचा. डोळ्यांतून पाणी येत होतं. ब्लीचनं माझ्याही येत होतं.

"काका, कापलं तरी चालेल," बाई म्हणाल्या. त्या भिंतीशी उभ्या होत्या, वही छातीशी धरून.

"फडकी चांगली आहेत," तो म्हणाला. "धुऊन ठेवतो. कोणाला तरी लागतील."

एवढ्यात शेजारी, माझ्या ऑफिसात, झेरॉक्स मशीन सुरू झालं. शेफ कृतीच्या त्या कागदाच्या प्रती काढत होते. एक, दोन, तीन. एकनाथचा हात गाठीवर थांबला. मशीन बंद होईपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग त्यानं पुढची गाठ सोडवली.